नकाशावर नाव नसलेल्या वस्त्या: लोकांनी तयार केलेले नकाशे आणि मुक्त भौगोलिक माहिती म्हणजे काय?

नकाशावर नसलेली वस्ती सरकारी कागदावरही अनेकदा नसते. रुग्णवाहिकेला तिथे पोहोचायला वेळ लागतो, सांडपाण्याची वाहिनी किती लांब टाकावी लागेल याचा हिशेब करता येत नाही आणि पूर आला तर किती घरे पाण्याखाली गेली हे सांगता येत नाही. जंगलाला लागून असलेल्या गावाची पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची हद्द कागदावर नसेल, तर हक्क सांगताना पुरावा कोठून आणायचा हा प्रश्न पडतो.

गेल्या दोन दशकांत या अडचणीवर एक मार्ग निघाला आहे. त्या जागेत राहणारे लोक आणि दूर बसलेले स्वयंसेवक मिळून नकाशा तयार करतात आणि त्यामागची माहिती सर्वांना वापरता येईल अशा परवान्याखाली खुली करतात. संशोधक, पालिका, मदत संस्था आणि गावकरी तीच माहिती आपापल्या कामासाठी वापरतात. हे काम कसे चालते, त्याचा उपयोग कुठे झाला आणि त्यात जपायचे काय, याचा हा आढावा.

नकाशा आणि भौगोलिक डेटा यांत फरक काय?

भिंतीवर टांगलेला किंवा मोबाइलवर दिसणारा नकाशा हे एक चित्र असते. त्या चित्रामागे जी नोंद असते तिला भौगोलिक डेटा म्हणतात. एखादी विहीर घेतली तर तिचे अक्षांश-रेखांश, ती सार्वजनिक आहे की खासगी, उन्हाळ्यात तिला पाणी असते का, ही सगळी माहिती एका नोंदीत बसते. रस्ता म्हणजे ओळीने जोडलेले बिंदू, शेत किंवा तलाव म्हणजे बंद आकृती.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. नकाशाचे चित्र फक्त पाहता येते. डेटा हाती असेल तर त्याला प्रश्न विचारता येतात. कोणत्या पाड्यापासून आरोग्य उपकेंद्र पाच किलोमीटरपेक्षा दूर आहे? कोणत्या गल्लीतल्या किती घरांना नळ नाही? शाळेच्या वाटेत किती ओढे आडवे येतात? म्हणून ‘नकाशा वाटणे’ याचा खरा अर्थ त्यामागचा डेटा वाटणे असा होतो.

नकाशे इतकी वर्षे बंद का होते?

नकाशा हे फार पूर्वीपासून राज्यकारभाराचे आणि युद्धाचे साधन आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली आणि पुढे ते काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी उत्तरेकडे नेले. महसूल गोळा करणे आणि सैन्य हलवणे या दोन्हींसाठी अचूक मोजणी लागत होती. साहजिकच नकाशे सर्वांसाठी नव्हते.

स्वातंत्र्यानंतरही हे नियंत्रण बरेचसे टिकले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि सर्वसामान्यांसाठी एक अशा दोन स्वतंत्र मालिका केल्या. २०१६ साली भौगोलिक माहितीच्या नियमनासाठी एका विधेयकाचा मसुदा आला. परवानगीशिवाय अशी माहिती गोळा करणे किंवा पसरवणे यासाठी त्यात मोठ्या दंडाची आणि सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. त्यावर बरीच टीका झाली आणि त्याचा कायदा झाला नाही.

मोठा बदल १५ फेब्रुवारी २०२१ रोजी झाला. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार भारतीय व्यक्ती आणि संस्थांना भौगोलिक माहिती गोळा करण्यासाठी, तयार करण्यासाठी आणि प्रसिद्ध करण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध आणि अतिसूक्ष्म मोजणीबाबत परदेशी कंपन्यांवरील मर्यादा मात्र कायम आहेत. २८ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही अधिसूचित झाले. एक जुनी अट आजही लागू आहे. भारताच्या बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळणाऱ्याच दाखवाव्या लागतात. न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी सुधारणा कायद्यानुसार गुन्हा आहे.

उपग्रहचित्रांचीही अशीच गोष्ट आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या एका चित्रासाठी एकेकाळी सुमारे ६०० डॉलर मोजावे लागत. २००८ मध्ये हा सगळा संग्रह मोफत झाला आणि जगभरच्या जंगलतोडीचा, आटणाऱ्या तलावांचा आणि वाढत्या शहरांचा अभ्यास एकदम सोपा झाला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रेही कोणालाही मोफत मिळतात.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे काय?

ब्रिटनमधल्या सरकारी सर्वेक्षण संस्थेचे नकाशे उत्तम होते, पण त्यांचा डेटा महाग होता आणि वापरावर बंधने होती. याला पर्याय म्हणून २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केले. विकिपीडियावर जसे कोणीही लेख लिहू शकते, तसे इथे कोणीही नकाशात भर घालू शकते. सुरुवातीला लोक जीपीएस यंत्र घेऊन सायकलवरून रस्ते ‘गोळा’ करत. पुढे काही कंपन्यांनी आपली उपग्रहचित्रे पाहून रेखाटन करायला परवानगी दिली आणि कामाचा वेग वाढला. आज नोंदणी केलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे.

इथली रचना साधी आहे. बिंदू, रेषा आणि त्यांचे परस्परसंबंध एवढ्या तीन घटकांतून सगळे उभे राहते. प्रत्येक घटकाला गुणधर्म जोडता येतात. हा दवाखाना आहे, हा हातपंप आहे, या रस्त्यावर डांबर नाही, वगैरे.

नावांसाठी भाषेनुसार वेगळे रकाने असतात आणि मराठीसाठीही असा रकाना आहे. हे काम दिसायला किरकोळ वाटते, पण रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ एकच होतात. तिथून यंत्राने उलटे लिप्यंतर केले की कळव्याचे ‘कलवा’ होऊन बसते. बुद्रुक आणि खुर्द गाळले गेले तर शेजारशेजारची दोन गावे एकच वाटतात. ही दुरुस्ती गाव माहीत असलेला माणूसच करू शकतो.

हा सगळा डेटा खुल्या परवान्याखाली मिळतो. वापरणाऱ्याने श्रेय द्यायचे आणि या डेटात भर घालून नवा डेटासंच प्रसिद्ध केला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवायचा, एवढ्या दोन मुख्य अटी आहेत. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. गूगल मॅप्स किंवा अन्य संरक्षित नकाशावर पाहून इथे नोंद करता येत नाही. तो डेटा दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

किबेरा, हैती आणि काठमांडू

केनियाची राजधानी नैरोबीतली किबेरा ही आफ्रिकेतल्या मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक. २००९ पर्यंत खुल्या नकाशांवर ती जागा जवळपास कोरी होती. तिथे किती लोक राहतात यावरही एकमत नव्हते. काही अहवाल दहा लाखांचा आकडा सांगत, तर २००९ च्या जनगणनेत तो सुमारे १ लाख ७० हजार निघाला. त्याच वर्षी ‘मॅप किबेरा’ हा उपक्रम सुरू झाला. वस्तीतल्याच तरुणांनी जीपीएस वापरायला शिकून पाण्याची ठिकाणे, शौचालये, दवाखाने, शाळा आणि पायवाटा नोंदवल्या. पाण्याचा नळ कुठे आहे हे रहिवाशांना माहीत होतेच. नकाशामुळे ती माहिती बाहेरच्यांना नाकारता येणार नाही अशा रूपात मांडली गेली.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा तपशीलवार खुला नकाशा उपलब्ध नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रे खुली केली आणि जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या रस्ते, पडलेल्या इमारती आणि बेघरांच्या छावण्या रेखाटल्या. हा नकाशा बचाव पथकांनी हातातल्या जीपीएस यंत्रांत भरून वापरला. याच अनुभवातून त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था नोंदवली गेली. या संस्थेच्या कामात मोठा भूभाग लहान चौकोनांत वाटला जातो. एक जण एक चौकोन रेखाटतो आणि दुसरा तो तपासतो.

हैतीत नकाशा आपत्तीनंतर तयार झाला. नेपाळमध्ये क्रम उलटा होता. काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, रुग्णालये आणि रस्त्यांची नोंद २०१२ पासूनच सुरू होती आणि त्यातून काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही स्थानिक संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर हजारो स्वयंसेवकांच्या कामाला दिशा द्यायला हे प्रशिक्षित स्थानिक लोक हजर होते. संकट येण्याआधीच नकाशा करून ठेवावा, हा धडा त्यातून मिळाला. मदत संस्थांनी मिळून २०१४ मध्ये सुरू केलेला ‘मिसिंग मॅप्स’ हा प्रकल्पही याच विचारावर चालतो.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे येतो?

शहरातले उदाहरण पुण्याचे आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेली शेल्टर असोसिएट्स ही संस्था पुणे, सांगली-मिरज, कोल्हापूर अशा शहरांतल्या झोपडपट्ट्यांचे घरोघर सर्वेक्षण करून ती माहिती नकाशावर आणते. घरात शौचालय आहे का आणि सांडपाण्याची वाहिनी कुठून जाते, हे दोन्ही एकाच नकाशावर आले की कोणत्या घरांना लगेच जोडणी देता येईल आणि कुठे आधी वाहिनी टाकावी लागेल, ते स्पष्ट होते. ‘या वस्तीत सोय करणे अवघड आहे’ या मोघम उत्तराच्या जागी गल्लीनिहाय यादी येते.

ग्रामीण भागात हा प्रश्न वनहक्कांशी जोडलेला आहे. २००६ च्या वन हक्क कायद्यानुसार ग्रामसभेला आपल्या पारंपरिक सीमेतल्या सामूहिक वनसंपत्तीवर दावा करता येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गावांत त्याची गणना होते. २०११ मध्ये गावाला आपला बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवाना पुस्तकही मिळाले.

अशा दाव्यात हद्दीचा नकाशा जोडावा लागतो. वन हक्क समितीचे सदस्य गावातल्या जाणत्या लोकांना सोबत घेऊन शिवारभर फिरतात. अमुक नाला, तमुक टेकडी, देवाचे झाड, जुना बांध, अशा खुणांवर थांबून जीपीएसवर बिंदू घेतले जातात. शेजारच्या ग्रामसभांना बोलावून हद्द एकत्र पाहिली जाते, कारण वाद उद्भवतो तो तिथेच. या बिंदूंबरोबर निस्तारपत्रकासारखी जुनी कागदपत्रे आणि वृद्धांचे जबाबही जोडले जातात. उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक धरावे, त्याची जागा घेणारे मानू नये, असे या कायद्याच्या २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत नमूद आहे. आकाशातून झाडे दिसतात, पण मोहफुले वेचायची वाट आणि गुरे चारायची जागा तिथल्या माणसालाच सांगावी लागते.

असा नकाशा प्रत्यक्षात कसा तयार होतो?

सुरुवात यंत्रापासून करायची नसते, प्रश्नापासून करायची असते. पाणी, रस्ता, हद्द की धोक्याच्या जागा, नेमके काय ठरवण्यासाठी नकाशा हवा आहे, हे आधी निश्चित करावे लागते. ‘सगळेच नोंदवू’ म्हणणारी सर्वेक्षणे सहसा अर्धवट राहतात.

त्यानंतर लोकांना एकत्र बसवून कागदावर किंवा जमिनीवर गावाचे रेखाटन केले जाते. बायका, गुराखी आणि म्हातारी माणसे यांना स्वतंत्रपणे विचारले तर वेगवेगळ्या जागा समोर येतात. पाणवठ्याची वाट किंवा रात्री अंधार असलेला कोपरा पुरुषांच्या यादीत बहुधा नसतो.

मग प्रत्यक्ष फिरून नोंदी घ्यायच्या. यासाठी साधा स्मार्टफोन पुरतो. कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके कलेक्ट यांसारख्या मोफत साधनांत प्रश्नावली तयार करता येते आणि नेटवर्क नसतानाही नोंद जतन होते. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये चूक वाढते. हातपंप दाखवायला ही अचूकता पुरेशी आहे, पण दोन शेतांमधला बांध ठरवायला नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते.

गोळा झालेली माहिती क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडून तपासता येते. या टप्प्यावर काही चुका हमखास होतात. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल ही त्यातली सर्वांत नेहमीची. पुण्याचे आकडे उलटे भरले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. दुसरी चूक जुन्या नकाशांची. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाच्या संदर्भ-आकृतीवर बेतलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही पद्धत वापरतो. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवले तर नकाशा सरकतो आणि नदी रस्त्यावरून वाहताना दिसते.

शेवटी तो नकाशा लोकांना परत दाखवायचा असतो. सर्वेक्षण करणारे निघून जातात आणि गावाला स्वतःचा नकाशा कधीच पाहायला मिळत नाही, ही या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे. चावडीवर लावलेल्या मोठ्या छापील नकाशावर लोक पेनाने ज्या दुरुस्त्या करतात, त्याच बहुतेक वेळा सर्वांत मोलाच्या ठरतात.

संशोधकांना उपयोगी पडेल असा डेटा कसा असावा?

नोंदी कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्यासोबत माहितीपत्रक नसेल तर दुसऱ्याला त्यावर विसंबता येत नाही. डेटा कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनाने गोळा केला, कोणती संदर्भपद्धत वापरली, कोणता भाग राहून गेला आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, हे लिहिलेले हवे. ‘इथे विहीर नाही’ आणि ‘इथे कोणी पाहिलेच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोऱ्या जागेचा अर्थ सांगितला नाही तर संशोधनाचा निष्कर्षच चुकू शकतो.

डेटा जिओजेसन, जिओपॅकेज किंवा साध्या सीएसव्ही अशा सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात द्यावा. पीडीएफमधला नकाशा छापायला बरा असतो, पण त्यातून आकडे काढता येत नाहीत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परवाना. परवाना लिहिलेला नसेल तर संकेतस्थळावर दिसणारा डेटाही वापरायला मोकळा आहे असे गृहीत धरता येत नाही. २०१६ मध्ये मांडलेली ‘फेअर’ तत्त्वे हेच सांगतात. डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जोडता यावा आणि पुन्हा वापरता यावा.

काय उघड करू नये?

खुलेपणाला मर्यादा असतात. ‘स्ट्रावा’ या व्यायामाच्या अॅपने २०१७ च्या अखेरीस वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. तरीही २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आले की ओसाड प्रदेशातल्या लष्करी तळांची रूपरेषा त्यात चमकत आहे. एकेक नोंद निरुपद्रवी असली तरी सगळ्या एकत्र आल्यावर त्यांतून वेगळेच काही उघड होऊ शकते.

दुर्मीळ प्राणी-वनस्पतींची नेमकी जागा शिकाऱ्यांना आणि तस्करांना वाट दाखवते. म्हणून आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर संकटग्रस्त जातींचे स्थान मुद्दाम धूसर करून साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवले जाते. देवराई, औषधी वनस्पतींच्या जागा, पूर्वजांची स्मशानभूमी यांबाबतही हाच विचार लागू होतो. अतिक्रमण मानल्या जाणाऱ्या वस्तीतल्या प्रत्येक घराची नोंद सोयी मिळवून देऊ शकते आणि घर पाडायला आलेल्यांच्या हाती यादीही देऊ शकते.

म्हणूनच आदिवासी आणि मूलनिवासी समाजांच्या प्रतिनिधींनी २०१९ मध्ये ‘केअर’ तत्त्वे मांडली. डेटाचा लाभ त्या समाजाला व्हावा, त्यावर त्याचा अधिकार असावा आणि वापरणाऱ्याने जबाबदारी व नीतिमत्ता पाळावी, असा त्यांचा आशय आहे. व्यवहारात यासाठी दोन प्रती ठेवल्या जातात. पूर्ण तपशिलाची प्रत ग्रामसभेकडे किंवा वस्तीच्या संघटनेकडे राहते आणि काही रकाने वगळलेली प्रत सर्वांसाठी खुली होते. काय वगळायचे हा निर्णय सर्वेक्षणाआधी आणि लोकांच्या बैठकीत व्हायला हवा. एकदा इंटरनेटवर गेलेला डेटा परत घेता येत नाही.

नकाशाने सगळे प्रश्न सुटतात का?

नाही. नकाशा हा पुरावा आहे, निर्णय नाही. हद्दीचा चोख नकाशा जोडूनही वनहक्काचा दावा उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीपुढे जावा लागतो. शौचालय नसलेल्या घरांची यादी पालिकेला दिली तरी निधी मंजूर व्हावा लागतो. शिवाय नकाशा शिळा होतो. विहीर आटते, दवाखाना हलतो, नवी वस्ती उभी राहते. एकदाच केलेले सर्वेक्षण काही वर्षांत दिशाभूल करू लागते. दुरुस्ती करणारे लोक जिथे तयार झाले, तिथेच नकाशा टिकतो.

तरीही नकाशामुळे चर्चेचा पाया बदलतो. आमच्याकडे पाणी नाही, असे तोंडी सांगणाऱ्या वस्तीला अर्ज करायला सांगून परत पाठवता येते. कोणत्या गल्लीतल्या किती घरांपासून नळ किती मीटर दूर आहे, हे नकाशावर मांडणाऱ्या वस्तीला तसे परत पाठवणे कठीण जाते. तो आकडा चूक आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्यालाही वस्तीत येऊन मोजावे लागते.